ज्ञानूतात्याची इटली

आमच्या गावात लढाईच्या गप्पांना भाव नाही. रहिमतपूरच्या अलीकडं, फाट्यावर उतरून आत चालत जायचं गाव. घरटी एक तरी माणूस पलटणीत गेलेला. बर्मा पाहिलेला, काश्मीर पाहिलेला, चीनच्या लढाईत नेफात बोटं गारठवून आलेला, सगळे फाट्यावरच्या एकाच हॉटेलात बसून तंबाखू मळतात. कुणी "आमी बर्मात असताना" म्हणून सुरुवात केली की दुसरा लगेच म्हणतो, "चहा सांग आदी, मग बोल." चहा संपला की ऐकणंही संपतं.

अशा गावात ज्ञानू फडतरे तीस वर्षं इटलीवर बोलत होता, तेही कुणाला चहा न पाजता.

गाव त्याला 'इटली'च म्हणायचं. "इटली हाय का घरात?" "न्हाई, इटली पाणी पाजायला गेलीया." मी मात्र तात्या म्हणायचो. त्याचं घर आमच्या घराला लागून, आणि त्याची बायको हौसाकाकी हिनं मला लहानपणी आपल्या पोरांच्या पंगतीला बसवून जेवायला घातलेलं, त्याच पोरांबरोबर धोपटलेलंही. तात्या उंच, काळा, कानात केसांचे झुबके. चैत्रातल्या उन्हातसुद्धा अंगात लष्करी कोट. "उकडत न्हाई का वं?" म्हटलं की म्हणायचा, "तितला गारठा अजून हाडातनं गेला न्हाई, गड्या." चहा कोरा प्यायचा. दूध वासरासाठी असतं, माणसानं पिऊ नये, असं म्हणायचा आणि मग ताक मात्र तांब्याभर ओढायचा.

त्याची हकिकत थोडक्यात अशी. आफ्रिकेतल्या वाळवंटात त्याची अख्खी कंपनी पकडली गेली. जहाजात घालून इटलीला नेली आणि तारेच्या कुंपणात डांबली. पुढं एके दिवशी तिथल्या सरकारनंच लढाई सोडून दिली, पहारेकरी आपापल्या घरी पळाले, आणि जर्मन येऊन ताबा घ्यायच्या आत तात्या डोंगरात पसार झाला. तिथं एका कोळसा पाडणाऱ्या कुटुंबात नऊ महिने लपला. हे सगळं गावाला मान्य होतं. पण कैदी म्हणजे हात वर केलेला माणूस. पलीकडच्या आळीतल्या सदानाना मोऱ्यांकडं बर्मातलं मेडल होतं, आणि ते चारचौघांत म्हणायचे, "ज्ञानू लढाय गेलाच नव्हता. जेवाय गेला हुता."

"जेवलो तरी," तात्या म्हणायचा. "तू मेडल चघळत बस."

त्या नऊ महिन्यांत तात्या मुका होता. म्हणजे तसं सोंग केलं होतं. तोंडाला कोळशाची काजळी फासली की रंग झाकायचा, पण तोंड उघडलं की बोली पकडली जाणार. म्हणून घरच्या म्हाताऱ्या बाईनं त्याला मुका गडी करून टाकलं. दिवसभर ऐकायचं, आणि रात्री दार लावून घेतलं की हळू आवाजात तिच्यापाशी एकेक शब्द म्हणून बघायचा. "तवाचं बोलणं आत साठलंय," तात्या सांगायचा, "तेच भाईर काढतूय."

"आवं, साठा कवा संपायचा?" काकी चुलीपासून विचारायची.

ही साठलेली इटालियन तो माणसांपेक्षा जनावरांवर जास्त खर्च करायचा. त्याची बैलजोडी मराठीला जुमानत नसे. "यामऽ!" म्हटलं की चालायची. पुढं त्यातला एक बैल विकला तर घेणारा कोरेगावचा माणूस तिसऱ्या दिवशी परत आला, म्हणाला, "बैल बरा हाय, पर उटत न्हाई." तात्यानं त्याला बांधावर बसवून चार शब्द शिकवले आणि शिकवणीचा एक नारळ घेतला.

आणि ती फळीची गोष्ट. तिकडच्या डोंगरात म्हणे थंडीत मक्याच्या कण्या शिजवतात, त्या ताटात वाढत नाहीत, सरळ मोठ्या लाकडी फळीवर ओततात. मधोमध मटणाचे तुकडे. सगळ्यांनी आपापल्या बाजूनं खात खात मधे जायचं, जो आधी पोचेल त्याला मटण. लेकीचं लग्न झाल्यावर जावई पहिल्यांदा जेवायला आला, तर तात्यानं कण्या ओतल्या फळीवर. जावई खंडाळ्याचा, शिक्षक, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. तो ताटाची वाट बघत बसला. तात्या म्हणाला, "बगताय काय, पावणं? सुरू करा, न्हाई तर मी पोचतूय!" आणि खरंच पोचला. मटण सासऱ्यानं खाल्लं. जावई त्या रागानं पुढच्या दिवाळीला आला नाही. काकीनं ती फळी चुलीत घातली, वर तात्याला आठ दिवस ताटातसुद्धा नीट वाढलं नाही.

आता माझा संबंध सांगतो. मी सांगलीला एका कारखान्यात नोकरीला होतो. साखर कारखान्यांना लागणारी यंत्रं आमच्याकडं व्हायची, त्यासाठी इटलीतल्या तुरीनच्या एका कंपनीशी करार होता. कारखान्यानं मला पुण्याला पाठवून कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायला शिकवलं होतं. भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे, खोलीएवढं मशीन, आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या, त्यामुळं देवळात गेल्यासारखं वाटायचं. तुरीनवाल्यांना त्यांच्या गोडाऊनचा हिशेब मशीनवर आणायचा होता आणि तिकडची पोरं महाग पडत होती. स्वस्तात मी होतो. माझ्या नेमणुकीच्या कागदावर 'सल्लागार' लिहिलेलं होतं. वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "सल्ला द्यायला इटलीला? हितं तुजं कुत्रं ऐकत न्हाई."

साहेबांनी बजावलं होतं, तिकडं गोडाऊनमध्ये इंग्रजी चालत नाही, बोलायला शिकून जा. सांगलीत इटालियन कोण शिकवणार? मी शनिवारी एसटीनं गावी आलो आणि तात्यापुढं जाऊन बसलो.

तात्याला झालेला आनंद मी विसरणार नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी ऐकायला आपणहून आलं होतं. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मग गंभीरपणे म्हणाला, "आदी मुका हो."

"म्हंजे?"

"म्हंजे त्वांड बंद. मी जसा शिकलो तसंच शिकवणार. गावात आलास की माज्यासंगं राबायचं, ऐकायचं, बोलायचं न्हाई. मी सांगीन तवा बोलायचं."

मी साठलेली रजा टाकली आणि मुका झालो. वैरण कापायची, शेण भरायचं, पाणी ओढायचं, आणि तात्या शेजारी उभा राहून प्रत्येक वस्तूवर त्याच्या इटालियनमध्ये कीर्तन करणार. विळा, दोरी, पाऊस, शेपूट, भूक, हरामखोर. मी नुसती मान हलवायची. दोन दिवसांनी हौसाकाकीला शंका आली. तिनं मला विचारलं, "भाकरी देऊ का रं?" मी मान हलवली. "कालवण?" मान. काकी धावत आमच्या घरी गेली. "आवं, पोराची वाचा गेली!" आई मीठमोहऱ्या घेऊनच आली. दोघींनी मिळून माझी दृष्ट काढली, मिरच्या चुलीत टाकल्या, सगळं घर खोकलं. मी खोकलो पण बोललो नाही. तात्या दारात उभा राहून हसून हसून लोळायचा बाकी राहिला. शेवटी वडिलांनी चप्पल हातात घेतली तेव्हा माझा मुकेपणा संपला, आणि गंमत म्हणजे तोंडातून पहिला शब्द तात्याच्या भाषेतलाच निघाला. कुठला ते सांगत नाही. वडील हयात नाहीत, पण तरी सांगत नाही.

असं छान चाललं होतं. मग मीच दिवा लावला.

तुरीनहून एक इंजिनिअर आमच्या कारखान्यात यंत्र बसवायला आला होता, लुइजी नावाचा. चांगला माणूस. सांगलीत बसून कंटाळलेला. मी त्याला म्हटलं, रविवारी आमच्या गावी चल, मटण खा, आणि तुझ्या भाषेत बोलणारा माणूस दाखवतो. आणि ही बातमी मी फाट्यावर सांगून बसलो. सदानाना मांडीवर थाप मारून म्हणाले, "बास! आता हुईल निकाल. तीस वर्सं कान खाल्लेत आमचं."

रविवारी कारखान्याची जीप गावात शिरली तेव्हा कुस्तीचा फड असावा तशी माणसं जमलेली. झाडावर पोरं. तात्या दाढी करून, कोटाची सगळी बटणं लावून उभा. पण रंग उतरलेला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "लय दिस झालं रं. जमंल न्हवं?" मी म्हटलं, "तुम्हीच असं म्हणायला लागला तर मी काय करू?"

तात्या पुढं झाला. लुइजीचे दोन्ही खांदे धरले आणि बोलायला लागला. लुइजी हसला, मान तिरकी केली, आणि इंग्रजीत म्हणाला, "सॉरी?"

तात्या पुन्हा बोलला, मोठ्यानं. लुइजी माझ्याकडं बघायला लागला. तात्या आणखी मोठ्यानं, हातवारे करून. त्याचा आवाज चिरकायला लागला होता. लुइजीनं स्वतःच्या इटालियनमध्ये काहीतरी विचारलं, सावकाश. तात्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तेवढ्यात झाडावरचं एक पोरगं फिस्सकन हसलं.

आणि तात्या गावाकडं वळून गरजला, "ह्यो इटालियन न्हाईच! कुटनं धरून आणलाय ह्याला?"

मग काय विचारता. लोक अक्षरशः जमिनीवर बसून हसले. सदानाना म्हणाले, "पासपोर्ट बगा रं त्याचा, ज्ञानूला वळखीत न्हाई म्हंजे जर्मन असल!" बिचारा लुइजीही हसला, सगळे हसतात म्हणून. मटणाच्या तिखटानं मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं ते निराळं. परतताना जीपमध्ये त्यानं मला विचारलं, "तुमच्याकडं गोव्याचं पोर्तुगीज बोलतात का?"

त्या दिवसापासून ज्ञानूतात्या बोलायचा थांबला. इटालियनच नाही, सगळंच. बैलांनासुद्धा नुसता कासरा ओढून हाकायला लागला. गावानं आठवडाभर मजा केली, नंतर फाट्यावर उगाच सुनं वाटायला लागलं. काकी मला म्हणाली, "साठा संपला बग. मी चेष्टेनं म्हणत हुते रं." आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

जायच्या आदल्या दिवशी मी गोठ्यात गेलो. तात्या दावी वळत बसला होता. मी म्हटलं, "तात्या, त्या लुइजीचं काय मनावर घेता?"

त्यानं दाव्याला आणखी दोन पीळ दिले. मग मान खाली ठेवूनच म्हणाला, "मला हसू द्या की. त्याचं काय न्हाई. मी हसण्यासारकाच हाय. पर ऐक. एक दिस जर्मन आलं दारात. चारपाच जण. मी अंगणात, तोंडाला काजळी. त्यातला एक माज्याजवळ येऊन निरखून बगाय लागला. आता गेलो, म्हटलं. तवर ती म्हातारी घरातनं लाकूड घेऊन आली आणि माज्या थोबाडावर असं हाणलं, असं हाणलं, की दात हालला. वराडली, मुक्या, मेल्या, मेंढरं शेतात सोडलीस! पुन्यांदा हाणलं. जर्मन हसाय लागलं. हसत हसत गेलं. आणि राती, ती माज्या गालाला ऊन फडकं लावत हुती आणि रडत हुती. मी तिला म्हनलो, आई, लागलं न्हाई. कोन्च्या भाषेत म्हनलो मी तिला?"

मी त्याच्यासमोर खाली बसलो.

"हे मी कुणालाच सांगितलं न्हाई. बाईचा मार खाल्ला म्हणून सदा हसला असता. आता तू बग, ती भाषा खोटी निघाली, तर ती बाई बी खोटी निघती. मीच मनानं केली असं हुतंय. मला तिचा पत्ता ठावं न्हाई, नुसती वाट ठावं. इंग्रजाची गाडी आली, आमास्नी उचललं, तिला सांगाय सुदा मिळालं न्हाई." त्यानं दाव्याची गाठ मारली. "तू जातूयास. बगून ये. मी इतकी वर्सं काय बोलत हुतो, तेवडं बगून ये."

तुरीनला माझ्या अंगावर कोट होता आणि तोंडात तात्याची इटालियन. पहिल्याच बैठकीत मी उभा राहून आदबीनं दोन वाक्यं म्हटली. साहेब लोक एकमेकांकडं बघायला लागले, टाइप करणारी बाई तोंडावर हात धरून बाहेर पळाली. त्यानंतर माझ्याशी सगळे इंग्रजीतच बोलले. मी खोलीवर येऊन डोक्यावर पांघरूण घेतलं. तात्याला काय सांगायचं, हेच डोक्यात घोळत राहिलं.

गोडाऊनमध्ये तर माझ्यासमोर कुणी आपसातसुद्धा बोलत नव्हतं. हा परदेशी मशीन आणून आपली नोकरी खाणार, असं त्यांना वाटत असणार, आणि ते फार चूकही नव्हतं. तात्याची भाषा काढायची मला आता लाज वाटायची, आणि इंग्रजीत काही विचारलं की ते खांदे उडवायचे. शेवटी मी तात्याचं ऐकलं. मुका झालो. रोज सकाळी जाऊन एका खोक्यावर बसायचो, त्यांच्याबरोबर चारदोन पेट्या उचलायचो, काही विचारायचो नाही. हळूहळू त्यांना माझी सवय झाली, तरी माझ्यादेखत बोलणं नाहीच. मग मला दिसायला लागलं की माल सकाळी जातो आणि चिठ्ठ्या संध्याकाळी एकदम लिहिल्या जातात, म्हणून यांचा हिशेब कधीच जुळत नाही. माझी सल्लागारी एवढ्यावर तरली.

एके दिवशी वरून एक पेटी घसरली. खाली दोमेनिको नावाचा हमाल पाठमोरा उभा होता. मी ओरडलो, "वायोऽ!" पोरा, अशा अर्थाची तात्याची हाक. आपल्याकडं 'ए गड्या' म्हणतात तशी. दोमेनिको उडी मारून बाजूला झाला. पेटी फुटली. पण पेटीकडं कुणी बघेना, सगळे माझ्याकडं बघायला लागले. दोमेनिको जवळ आला आणि भराभरा बोलला, आणि मला त्याचं सगळं समजत होतं! विळा, दोरी, पाऊस, भूक सगळं. "तू कुणाचा?" तो विचारत होता. "हे तुला कुणी शिकवलं?"

ती सगळी माणसं खालच्या डोंगराळ मुलखातून पोटासाठी तुरीनला आलेली. साहेब लोक त्यांच्या बोलीला हसत, म्हणून वरच्या मजल्यावर आणि माझ्यासमोरही ती गप्प बसायची. मी त्यांना तात्याची गोष्ट सांगितली. दोमेनिकोला ती म्हातारी माहीत नव्हती. एवढ्या डोंगरात कुठून माहीत असणार? पण तो म्हणाला, आमच्याकडं त्या हिवाळ्यात पुष्कळ घरांत कुणी ना कुणी लपवलेला असायचा, आणि कुणाला कुणाची विचारायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यासाठी घरची भाकरी आणि चीज आणलं. पुढं वर्षभर मी त्यांच्यात बसून जेवलो आणि बोललो.

मी परतलो ते आणीबाणी उठली त्या साली. फाट्यावर उतरलो तर हॉटेलात तीच मंडळी, तीच तंबाखू. तात्या एका कडेला बाकावर, कोट ढगळ झालेला. मला बघून उठायला लागला आणि परत बसला.

"आला आला, सल्लागार आला!" सदानाना ओरडले. "काय रं, ज्ञानूची इटालियन कुटं चालली का?"

मी पिशवी खाली ठेवली. सरळ तात्यापुढं जाऊन उकिडवा बसलो आणि त्याच्याच बोलीत विचारलं, "म्हाताऱ्या, जेवलास का?"

तात्या नुसता माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी त्याच बोलीत म्हटलं, तिकडं एक गोडाऊन भरून माणसं आहेत, सगळी तुझ्यासारखी बोलतात, आणि त्यांनी तुला रामराम सांगितलाय. तात्याचे ओठ हलले. आवाज निघेना. मग निघाला, आधी खरखरीत, मग चढत गेला. तो विचारत होता, मी सांगत होतो. तिकडं आता कोळसा पाडतात का? मेंढरं आहेत का? हॉटेलात कुणी हललं नाही. मालकाच्या स्टोव्हवरचं दूध उतू गेलं.

"म्हंजी," सदानाना हळूच म्हणाले, "खरं हाय म्हणायचं?"

"नाना," मी म्हटलं, "पुण्याच्या कारकुनाला आणून माणदेशातल्या मेंढपाळापुढं उभा केला तर त्याला काय कळंल? लुइजीचं तसं झालं. तात्याची बोली डोंगरातल्या माणसांची हाय. शंभर टक्के खरी."

तात्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. आणि मग, मी काही सुचवलं नव्हतं, त्यानं आपणहून सगळ्यांना ती लाकडाची गोष्ट सांगितली. काजळी, जर्मन, थोबाडावरचे दोन रट्टे, रात्रीचं ऊन फडकं. बाईचा मार खाल्ला म्हणून कुणी हसलं नाही. सदानानांनी हातातली तंबाखू तशीच टाकून दिली.

"नाव काय रं हुतं तिचं?" त्यांनी विचारलं.

तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"फिलोमेना," तात्या म्हणाला.

सदानाना म्हणायला गेले, अडखळले. पुन्हा म्हणाले, पुन्हा चुकले. शेजारच्यानं म्हणून बघितलं. मग हॉटेलमालकानं. ती सगळी दांडगी, मिशाळ माणसं एकेक करून ते नाव जिभेवर घोळवायला लागली. तात्या प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पुढच्या कामावर मी गेलो ते दोन वर्षं गेलो, तेवढ्यात तात्या वारला. त्यामुळं माझ्या डोळ्यांपुढं तो अजून तसाच, त्या बाकावर आहे.

शेवटी सदानानांना जमलं. "फिलोमेना," ते म्हणाले, स्वच्छ.

तात्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बग," म्हणाला, "आता तुला बी इटालियन येतीया."